जिथं फोन लागत नाही

आमच्या मोहिमेचा हेतू सांगायला अगदी सोपा होता. ओहोटीला समुद्र मागं हटला की जो गाळ उघडा पडतो, त्यातून चालत खडकावरच्या बंद पडलेल्या दीपगृहापर्यंत जायचं. ज्यांनी उभी हयात तिथला दिवा राखला त्या माझ्या मेहुण्यांना वर चढवायचं. दिव्यापाशी बसवून बोलतं करायचं, त्याचं चित्रीकरण करायचं, आणि भरती परतायच्या आत किनारा गाठायचा. खरा हेतू वेगळाच होता. तो आमच्यापैकी एकालाच माहीत होता, आणि तो एकजण सरकत्या फळीवर मांडी घालून बसला होता.

मोहिमेची पुढारी माझी भाची. तिला सगळे भिंगरी म्हणतात. इतरांच्या पायाला ती कधीतरी लागते, हिच्या पायाला जन्मतःच लागलेली. ती कुणाची नोकर नाही, त्यामुळे सगळ्यांचीच नोकर. वर्तमानपत्र असो, वाहिनी असो, ज्याचा फोन येईल त्याच्यासाठी कॅमेरा उचलून पळायचं. सकाळी आग, दुपारी मोर्चा, संध्याकाळी एखाद्या कारखान्याची माहितीफिल्म, आणि त्यानंतर काढलेलं सगळं कापायला-जोडायला बसायचं. तिच्या खोलीत पलंगापेक्षा चार्जरना जागा जास्त. एकदा पुराचे फोटो काढता काढता तिनं दात घासले, असं मी लोकांना सांगतो. ते खोटं आहे. घासले नव्हते, ब्रश तोंडात तसाच राहिला होता, आणि दुपारी पाहणीला आलेल्या मंत्र्यानं तो तिच्या लक्षात आणून दिला.

तिच्या वडिलांना गाव दिवेवाले म्हणायचं. निवृत्त झाल्यापासून त्यांची एकच मागणी होती: "मला एकदा दीपगृहावर घेऊन चल. तू स्वतः."

"पुढच्या आठवड्यात नक्की, बाबा."

हा पुढचा आठवडा क्षितिजासारखा होता. जितकं चालावं तितका तो मागं सरके. मग दिवेवाल्यांच्या हृदयानं कुरकुर सुरू केली. डॉक्टर त्यांना म्हणाले, "जे कराल ते सावकाश करा." आणि दाराशी माझ्या बहिणीला हळूच म्हणाले, "पण फार लांबणीवर टाकू नका."

तारीख निघाली ती त्यामुळेही नाही. कुठल्याशा वाहिनीला संपत चाललेल्या कामांवर फिल्म हवी होती. भिंगरीनं बाबांचा विषय सुचवला, त्यांनी लगेच होकार दिला, आणि परवाचा दिवस ठरला.

"बघा मेहुणे," दिवेवाले मला म्हणाले, "आपल्याच लेकीचा वेळ मिळवायला माणसाला आधी बातमी व्हावं लागतं."

आवाज टिपायला म्हणून मला बरोबर घेतलं होतं. मी जन्मभर फिल्मवाल्यांच्या मागं माइकची काठी धरून हिंडलो, म्हणजे वशिला होताच. निघताना बहिणीनं मला बाजूला ओढलं.

"तू बरोबर आहेस म्हणून मी निर्धास्त आहे, असं समजू नकोस. तू आहेस म्हणून जास्त काळजी आहे. त्यांना हसवू नकोस फार. छातीत कळ येते त्यांच्या."

"मी गंभीर माणूस आहे, ताई."

"तू गंभीर असलास की मला धडकीच भरते," ती म्हणाली आणि नवऱ्याच्या गळ्याभोवती मफलर इतका घट्ट गुंडाळला की वाटावं, तो सुटला तर नवराही सुटेल.

गाळात शिरायचं तर शिंपलेवालीच्या मागं. ही बाई ओहोटीला गाळातून शिंपले वेचते. हातात लांब काठी, कमरेला दोर, दोराला पुढून वर वळलेली गुळगुळीत फळी. एरवी त्या फळीवर शिंपल्यांची पोती असतात; आज दिवेवाले होते.

"माझ्या पावलात पाऊल," ती म्हणाली. "आणि थांबायचं नाही. गाळात चालणारा तरतो, थांबणारा रुततो. फोटोबिटो चालता चालता काढा."

"माझं आयुष्यच तसं आहे, मावशी," भिंगरी म्हणाली. तेवढ्यात तिचा फोन वाजला.

पहिला टप्पा तिनं फोनवरच पार केला. "हो सर, कापणं चाललंय... हो, समोरच बसलेय मशीनच्या." समोर नुसता करडा, ओला, आभाळ गिळून चमकणारा गाळ. त्यात जागोजागी खेकड्यांची भोकं. माणसाची चाहूल लागली की सगळे खेकडे एकदम आत, जणू वर्गात मास्तर आले. दूरवर पाण्याची पांढरी रेघ आणि रेघेच्या मधोमध, नेम धरून उभं केल्यासारखं दीपगृह.

गाळात अर्धी पुरलेली एक जुनी नाव लागली, आणि भिंगरीचा फोन बोलता बोलता तुटला. तिनं तो डोक्यावर धरला, डावीकडे धरला, उजवीकडे धरला.

"गेली रेंज?" दिवेवाल्यांनी मला विचारलं.

"गेली."

"नावेपाशीच जाते. मी शिंपलेवालीला आधीच विचारून ठेवलं होतं."

"ते कशाला?"

भिंगरी पुढं दहा-वीस ढांगांवर होती. कॅमेरा तिच्या पाठीशी पट्ट्याला उलटा लोंबत होता, आणि माझा बिनतारी माइक फळीच्या टोकाला बांधलेला. दिवेवाले आवाज खाली आणून म्हणाले, "मला दिवा काय बघायचाय हो? जन्मभर त्याच्याकडेच बघत आलो. डोळ्यांखालची ही काळी वर्तुळं त्याचीच देणगी. मला फक्त अशी जागा हवी होती, जिथं हिचा फोन लागत नाही. एक अख्खा दिवस. बस."

"मग सांगा की तिला तसं."

"सांगितलं असतं तर आली असती?"

 मी त्यांना इथल्या एका अष्टपादाची गोष्ट सांगायला घेतली, जो एकाच वेळी चार माणसांशी पत्ते खेळायचा. "आणि चौघांशी हरायचा, कारण पत्ते ओले व्हायचे," त्यांनी मध्येच तोडून गोष्ट संपवून टाकली. ते नेहमी असंच करायचे.

दीपगृहाचा जिना गोल आणि अरुंद. दिवेवाले तो बसून चढले. पायरीवर बसायचं, हात टेकायचे, मागच्या वरच्या पायरीवर सरकायचं, मग श्वास घ्यायचा. रांगतं पोर जिना उतरतं ना, तसं. फक्त उलट दिशेनं. मी खालून त्यांच्या पायांना आधार देत होतो, भिंगरी वरून कॅमेरा रोखून होती.

"बाबा, जरा खिडकीकडे बघा. मामा, तुझी सावली येतेय. बाबा, बोलू नका आत्ता, वर बोला."

"मग श्वास घेऊ का?"

"घ्या, पण हळू."

वर दिवा नव्हताच. त्याची भिंगं कधीच उतरवून नेलेली. एक लोखंडी बैठक, तिच्यावर पक्ष्यांची पांढरी रांगोळी, आणि चहूबाजूंनी मीठ चढलेल्या काचा. दिवेवाले बैठकीला पाठ लावून खाली बसले. भिंगरीनं तिपाई लावली, बटण दाबलं, आणि ते बोलू लागले.

"तू झालीस तेव्हा मी इथं होतो. माझ्या जागी यायचा तो आजारी पडला, आणि दिवा सोडून जायचं नसतं. तुझ्या आईशी ठरलं होतं, बाळंतपण झालं की घराच्या छपरावर चादर वाळत घालायची. एक चादर म्हणजे आई सुखरूप. दोन म्हणजे बाळही. मी दुर्बीण लावून या काचेशी उभा. पहाटे एक चादर आली. मी वाट बघतोय. उन्हं वर आली तरी एकच. दुपार झाली तरी एकच. मी या काचेवर डोकं आपटून घेतलं. आणि तिन्हीसांजेला, दिवा लावायच्या जरा आधी, दुसरी आली. नंतर कळलं, तुझ्या आत्यानं ती चादर धुवायला टाकली होती. तू पहाटेपासून ठणठणीत होतीस. पण मी तो अख्खा दिवस मेलेल्या मुलीचा बाप होतो." त्यांनी मफलर सैल केला. "तुझ्या पायाला भिंगरी, माझ्या पायाला बेडी. घरी दोघंही नव्हतो. म्हणून तुला बोल लावायला मला तोंड नाही."

भिंगरीचे डोळे कॅमेऱ्याच्या मागं होते, त्यामुळे ते कसे होते ते मला दिसलं नाही. तिनं बटण दाबलं, नाक ओढलं, आणि सवयीनं काढलेलं तपासायला घेतलं.

मग ती पांढरीफटक पडली.

फिल्मवाल्यांच्या बाबतीत होणारी ही चूक दुसऱ्या कुणाच्या बाबतीत होऊच शकत नाही. कॅमेरा सुरू करायचं आणि बंद करायचं बटण एकच असतं. सुरू असला की कोपऱ्यात लाल ठिपका पेटतो. गाळाच्या आणि मग काचांच्या चकचकाटात तिला तो दिसला नव्हता. कुठंतरी फोन हातात असताना बटण एकदा जास्त दाबलं गेलं, आणि तिथून सगळंच उलटं झालं: ती सुरू करायची तेव्हा कॅमेरा बंद व्हायचा, आणि ती बंद करून पाठीवर टाकायची तेव्हा तो इमानानं सगळं टिपत बसायचा. चादरीची गोष्ट त्यात नव्हती. होते ते रबरी बूट, आभाळ, माझी ढेरी, फळीखालून सरकणारा गाळ.

"बाबा," ती म्हणाली, "परत एकदा सांगाल? अगदी तसंच. चादरीपासून."

लेकीनं मागितलं म्हणून त्यांनी सुरुवात केली. "तू झालीस तेव्हा मी इथं होतो. चादर... एक चादर म्हणजे..." सगळे शब्द तेच होते, पण जीव नव्हता, धड्यातला उतारा म्हणून दाखवावा तसं. तेही ओशाळले. "थांब, मला जरा दम घेऊ दे."

ते दम घेत होते तेवढ्यात, चूक कुठून सुरू झाली ते शोधायला तिनं कानाला हेडफोन लावून मागचं सगळं चालवलं. तिचं बोट मध्येच थांबलं. ती ऐकत राहिली. मागं नेऊन पुन्हा ऐकलं. ती काय ऐकत होती ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं, कारण त्या फोनच्या वाक्याच्या वेळी मी फळीच्या बाजूनंच चालत होतो.

तिनं हेडफोन काढला. कॅमेरा पिशवीत घातला, चेन लावली.

"काय झालं? झालं का काम?" दिवेवाल्यांनी विचारलं.

"झालं. सरका जरा तिकडे."

आणि ती त्यांच्याशेजारी पाठ टेकून बसली. थर्मासमधला चहा एकाच झाकणातून दोघं प्यायले.  ती म्हणाली की काचेला मीठ चढलंय, ते म्हणाले की मीठ कोमट पाण्यानं काढायचं, कापडानं नाही, चरे पडतात. तिनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. मी दुसरीकडे तोंड करून समुद्राला एक मोठी थाप सांगत बसलो.

पण तो वेळ आमचा नव्हताच. जिन्यावर आणि तिपाईपाशी तो आधीच खर्च झालेला. खालून शिंपलेवालीची हाक आली. "ओ दिवेवाले! पाणी वळलं!"

आम्ही निम्मी वाट चाललो तोवर वारा फिरला आणि धुकं उतरलं. किनारा पुसला गेला. मागं वळून पाहिलं तर दीपगृहही नाही. शिंपलेवाली काठी टोचत पुढं जात होती, पण तिची पावलं आता आखूड पडू लागली.

"इथं खोल चर आहे," ती म्हणाली. "सकाळी डाव्या हाताला होता."

"मग आता?"

"आता कुठं आहे तेच बघतेय."

चरानंच आम्हाला शोधलं. गाळाच्या खालून पाणी आलं, आवाज न करता, घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत. शिंपलेवाली एकदम कमरेपर्यंत आत गेली! दोर ताणला. फळी वळली. वळली आणि कलंडली! दिवेवाले पाण्यात. मी त्यांचा मफलर पकडला. भिंगरीनं त्यांची कॉलर. फळी प्रवाहात फिरली, तिच्यावर बांधलेली कॅमेऱ्याची पिशवी वर आली, आणि शिंपलेवालीनं एक हात तिच्याकडे लांबवला.

"सोडा ते!" भिंगरी किंचाळली. "बाबांना धरा!"

दोर सुटला. फळी, पिशवी, तिपाई, माझा माइक, रबरी बुटांची आणि आभाळाची ती सगळी चित्रं, आणि मध्ये कुठंतरी दिवेवाल्यांचं ते एक वाक्य, सगळं धुक्यात निघून गेलं. पुरतं पाहिलंही नाही आम्ही ते जाताना.

चराच्या पलीकडे पाणी गुडघ्याएवढं होतं आणि वाढत होतं. भिंगरी खाली वाकली. "मामा, चढव त्यांना माझ्या पाठीवर."

"तुला जमणार नाही."

"कॅमेरा पाठीवर घेऊन डोंगर चढलेय मी. चढव."

शिंपलेवाली पुढं काठी टोचत. तिच्या मागं भिंगरी, पाठीवर बाप. तिच्या मागं मी, त्यांच्या पाठीला हात लावून. थांबायचं नाही. पाय उपसायचा, टाकायचा. उपसायचा, टाकायचा.

"बाबा, झोपू नका. बोला काहीतरी."

"तूच बोल," ते तिच्या कानात म्हणाले. "तू कुठं कुठं जातेस ते कधी सांगितलं नाहीस."

आणि ती सांगू लागली. धापा टाकत, तुटक तुटक. एका बर्फाळ गावाची गोष्ट, जिथं कॅमेरा गोठला म्हणून ती तो काखेत घेऊन झोपली. एका जळालेल्या शाळेची, जिथल्या बाईंनी राखेतून हजेरीची घंटा शोधून काढली. "फोटो छापला का त्या बाईंचा?" त्यांनी मध्येच विचारलं. नाही छापला, जागा नव्हती. "छापायला हवा होता," ते म्हणाले. मग एका बंदराची, एका संपाची, एका लग्नाची, जिथं तिला चुकून नवरीची बहीण समजून रडायला लावलं. ते हसले. त्यांच्या पाठीवरच्या माझ्या हाताला लागलं ते हसू.

त्यानंतर काहीच लागलं नाही.

मी तळवा घट्ट दाबला. ओल्या मफलरखाली बोटं घातली. शिंपलेवालीनं त्याच वेळी मागं वळून पाहिलं. तिला दिवेवाल्यांचा चेहरा दिसला, आणि त्यामागं माझा. ती पुढं वळली आणि काठी आणखी जोरात टोचू लागली.

पाणी मांडीला लागलं होतं. भिंगरी थांबली असती तर तिथंच थांबली असती. मला आमची भिंगरी ठाऊक आहे. तिनं त्यांना त्या पाण्यात खाली ठेवलं नसतं, आणि आम्ही तिला सोडलं नसतं.

"...आणि मग वादळात आमची गाडी उलटली, बाबा. ऐकताय ना?"

"हं," मी म्हणालो.

जन्मभर मी माणसांचे आवाज ऐकून पोट भरलेलं. दिवेवाल्यांचा तो घोगरा, घशात अडकलेला स्वर मी त्यांच्या पाठीआडून काढला.

"कुणाला काही झालं नाही. पण आईला सांगू नका हं."

"हं."

"तुम्हाला फोन करायचा होता त्या रात्री. मग दुसऱ्याच कुणाचा तरी आला."

"हं."

ती सांगत राहिली. इतकी वर्षं न सांगितलेलं सगळं तिनं त्या पाण्यात सांगितलं, आणि प्रत्येक वाक्याला मी हुंकार भरत गेलो. माझ्या साऱ्या थापांमध्ये इतकी लहान थाप मी कधी मारली नव्हती, आणि इतकी जडही नाही. पाणी मांडीवरून गुडघ्यावर आलं. गुडघ्यावरून घोट्यावर. मग पायाखाली वाळू लागली, टणक, रवाळ. धुक्यातून किनाऱ्याच्या खडकांचे आकार निघाले.

शिंपलेवाली काठी टाकून मटकन बसली.

भिंगरी थोडी आणखी चालली, भरतीच्या खुणेच्या पलीकडे, कोरड्या वाळूपर्यंत. तिथं गुडघे टेकले. मी पुढं होऊन दिवेवाल्यांना उतरवून घेतलं आणि आडवं केलं. आता तिला सांगायला हवं होतं. थापा मारणाऱ्याला खरं बोलायचा सराव नसतो.

"मामा," ती म्हणाली, "बाबांनी जन्मात कधी कुणाला नुसतं 'हं' म्हटलं नाही. माझं एक वाक्य त्यांनी कधी पुरं होऊ दिलं नाही."

"मग तुला..."

"लग्नाची गोष्ट संपली तेव्हाच कळलं. ते हसले आणि एकदम जड झाले."

"आणि तरी तू बोलत राहिलीस?"

"थांबले असते तर तुम्ही दोघंही थांबला असतात." तिनं त्यांच्या कपाळावरचा गाळ ओल्या बाहीनंच पुसला, कापडानं चरे पडू नयेत अशा हलक्या हातानं. "आणि मला सांगायचं होतं. अजून बरंच राहिलंय."

खिशातल्या तिच्या फोनला किनारा लागला होता. पाण्यातूनही तो वाचलेला, मेला. तो थरथरू लागला, थांबला, पुन्हा थरथरला. दिवसभरात राहून गेलेले सगळेजण एकदमच तिला शोधत होते. तिनं तो काढून बघितला. वाहिनीचा होता, आणखी कुणाकुणाचे होते. त्या सगळ्यांच्या खाली माझ्या बहिणीचा होता. भिंगरीनं तो तेवढा लावला, "आई, आम्ही किनाऱ्यावर आहोत, तू ये," एवढंच बोलली, आणि फोन बंद करून टाकला.

मग ती वडिलांच्या शेजारी वाळूत बसली, त्यांचा हात मांडीवर घेतला, आणि वादळात उलटलेल्या गाडीपासून पुढं सांगू लागली. ती मधूनमधून थांबायची, कुणीतरी तोडून बोलेल म्हणून वाट बघितल्यासारखी. मी हुंकार दिला नाही. माझी ती पाळी नव्हती.